यंदा सोमवारी नको

बोगोटा, ८ मार्च

प्रिय आईस, यानेथचा नमस्कार.

मी बरी आहे, वेळेवर जेवते. तुझा गुडघा कसा आहे?

बाबांच्या नावाच्या संताचा, संत होसेचा सण यंदा गुरुवारी आहे. सरकारी सुट्टी मात्र नेहमीसारखी पुढच्या सोमवारी. मी गुरुवारचीच रजा मागितली. मुकादम हसले, "अगं, सगळे जोडून सुट्टी मागतात, तुला मधलाच वार कसा सुचला?"

दरवर्षी मीच म्हणायचे, "बाबा, सण सोमवारी करू, मला सुट्टी असते." ते कुरकुरत थांबायचे, तूही कोंबडी राखून ठेवायचीस. गेल्या वर्षीही थांबले होते. शनिवारीच गेले.

गुरुवारी सकाळी पोचते. कोंबडी त्याच दिवशी कर. आता कुणाला थांब म्हणायची माझी हिंमत नाही.

तुझीच,
यानेथ