कपाट क्रमांक तीनची किल्ली माझ्याकडून काढून घेण्याबाबत

प्रति,
मा. श्री. बाळासाहेब जगदाळे,
प्रशासन अधिकारी, तळमजला,
अबू हलीफा, कुवेत.

विषय : प्रसूती विभागातील कपाट क्रमांक तीनची किल्ली दि. ३० नोव्हेंबरपर्यंत आपल्या ताब्यात घेणेबाबत.

संदर्भ : मी स्वतः दि. १ सप्टेंबर रोजी दिलेला तोंडी हुकूम.

महोदय,

१. मी आपल्या रुग्णालयाच्या प्रसूती विभागाची इनचार्ज सिस्टर असून माझी येथील सेवा एकोणतीस वर्षांची आहे. हा अर्ज मराठीत करीत आहे, कारण आपण कराडचे आहात, आणि इंग्रजी अर्ज आपल्या टेबलावर पोहोचेपर्यंत चार जण वाचतात व पाचवा त्याचा फोटो काढतो.

२. येथील रीतीप्रमाणे मूल जन्मले की घरचे लोक संपूर्ण विभागाचे तोंड गोड करतात, हे आपण जाणताच. चॉकलेटची सजवलेली तबके, तिळाचा रहश हलवा, पाकात बुडवलेले लुगैमातचे तळलेले गोळे, असे दिवसाला चार-पाच डबे येतात. परत पाठवावेत तर बाळाचा अपमान होतो; आपल्याकडेही बाळंतिणीच्या घरचा पेढा कोणी परत करीत नाही. परिणामी ऑगस्टच्या तपासणीत माझ्या रक्तातील साखर माझ्या पदास न शोभणाऱ्या आकड्यावर गेली.

३. डॉ. अभिनव (ज्यांना रुजू झाल्याच्या दिवशी तान्हे मूल कसे धरावे हे मी दाखवले) यांनी मला कळवले आहे की, दि. ३० नोव्हेंबरच्या तपासणीत तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा सातच्या वर राहिल्यास इन्सुलिन सुरू करावे लागेल व ते सिस्टर हिना टोचतील. मी चाळीस वर्षे इतरांना सुया टोचल्या आहेत. हा व्यवहार उलटलेला मला चालणार नाही. शिवाय हिना यांना मीच शिकवले असल्याने त्या कशा टोचतात, हे मला चांगले ठाऊक आहे.

४. सबब मी हुकूम दिला की, ड्यूटीवर कोणीही गोड खाणार नाही, आलेला प्रत्येक डबा कपाट क्रमांक तीनमध्ये बंद होईल, ड्यूटी संपल्यावर ज्याने त्याने आपला वाटा घरी न्यावा, आणि किल्ली एकट्या माझ्याकडे राहील. हुकूम उत्तम होता. सिस्टर लोकांचे गणवेश सैल झाले. केवळ शेवटचे कलम चुकले. ते चुकले आहे हे मला सांगण्याचे धैर्य कोणी केले नाही, आणि केले असते तरी मी ऐकले नसते.

५. त्या कपाटात चादरी असत तेव्हा मी तेथे दिवसातून एकदा जात असे. गेल्या बुधवारी मी नऊ वेळा पाहणी केली. त्या दिवशी जुळ्यांच्या आजोबांनी फहाहीलहून पिस्त्याचा बकलावा पाठवला होता. मुंग्या लागल्या आहेत काय हे पाहण्यासाठी मी डबा उघडला. मुंग्या नव्हत्या. डब्याचा वरचा थरही आता नाही.

६. किल्ली अन्य कोणाकडे सोपवण्याचा प्रयत्न मी प्रामाणिकपणे केला. दरवाज्यावरील सर्फराज हा रत्नागिरीचा धिप्पाड गृहस्थ; त्याला सकाळी किल्ली दिली आणि दुपारी निव्वळ परीक्षा म्हणून मागितली. "तुमचीच हाय मॅडम, विचारताय काय," असे म्हणून त्याने ती दिली. नंतर हिना यांना दिली, व मला नकार देण्याची सक्त ताकीदही दिली. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याकडे फक्त चष्म्यावरून पाहिले. "नाही मॅडम, अजिबात नाही मॅडम," असे म्हणत म्हणत त्यांनी किल्ली माझ्या हातात ठेवली. डॉ. अभिनव यांनी तर "सिस्टर, एकच हं," असे बजावून कपाट स्वतः उघडले व तीन तुकडे स्वतःच खाल्ले. तात्पर्य, मी शिस्त इतकी चोख लावली आहे की या मजल्यावर मला 'नाही' म्हणणारे माणूस शिल्लक उरलेले नाही.

७. अशा वेळी आपली आठवण होणे स्वाभाविक आहे. गेल्या सहा वर्षांत मी आपणाकडे गणपतीच्या रजेसाठी सहा, नव्या खुर्चीसाठी तीन आणि खिडकीच्या पडद्यासाठी एक असे दहा अर्ज केले. आपण दहाही नाकारले, आणि तेही मान वर न करता. त्या वेळी मी आपल्याविषयी जे बोलले ते आपल्या कानावर आले असेलच. ते मी मागे घेत नाही. परंतु आज त्याच गुणाची विभागास निकड आहे.

८. तरी विनंती की, किल्ली आपण स्वतःच्या ड्रॉवरमध्ये ठेवावी आणि मी जेवायला गेले असताना शिपायाकरवी कपाट उघडून वाटप करवावे. मी स्वतः खाली येऊन चक्कर येत असल्याचे, कपाटात महत्त्वाचे कागद अडकल्याचे सांगितले, अथवा आपल्या मातोश्रींची प्रकृती विचारली, तरी किल्ली देऊ नये. याविरुद्ध माझाच दुसरा अर्ज आल्यास, त्याची भाषा याहून सरस असली तरी, तो फेटाळावा.

आयुष्यात प्रथमच आपल्या नकाराची वाट पाहणारी,

आपली नम्र (या एका विषयापुरती),

(सही)
श्रीमती मंदा श्रीरंग खानविलकर
इनचार्ज सिस्टर, प्रसूती विभाग
दि. ४ नोव्हेंबर २०२५

सोबत :
१. कपाट क्रमांक तीनची किल्ली, मोहोरबंद पाकिटात.
२. बकलाव्याचा डबा, वरचा थर वगळून. आपण मधुमेही नाही, याची खात्री करून घेतली आहे.
३. त्याच कपाटाची दुसरी किल्ली. ही अस्तित्वात असल्याचे आजवर कोणासही ठाऊक नव्हते. अर्जाचे पाकीट एकदा चिकटवून झाल्यावर, ते पुन्हा उघडून ती आत घातली आहे.