हाक न मारणारी गल्ली

सोमवार, १० नोव्हेंबर
आले बाई एकदाची अकोल्याला! जुन्या शहरात सुरैय्याखालांच्या माडीवर खोली मिळाली. शेंदूरजनाघाटची संत्री आणली होती, ती खालांच्या हातावर ठेवली तर त्यांनी लगेच चहा टाकला. खोली झकास आहे. खिडकीतून कापसाच्या जुन्या जिनिंगची मोकळी जागा दिसते. तिथंच बिल्डरला सात मजली अपार्टमेंट बांधायचंय. जनरेटर, लिफ्ट, गाड्या, यांच्या आवाजाचा शेजाऱ्यांना किती त्रास होईल ते मी सांगायचं. त्यासाठी आधी गल्लीत आज किती आवाज आहे ते मीटरवर मोजायचं.

शनिवार-रविवार बघून किशोरदादा अमरावतीहून पनूला भेटायला आणणार आहे. दुसरीत आहे माझी प्रणाली, मोठं अक्षर असलं की लावून लावून वाचते. आजीकडे राहायला तयारच नव्हती. फोनवर म्हणते, आई, आवाज दे. मी ‘पनूऽऽ’ केलं की तिकडून ‘ओऽऽ’. त्याशिवाय पोरगी जेवत नाही.

मंगळवार, ११ नोव्हेंबर
मीटर लावलं. गल्ली भलतीच शांत निघाली. शिलाईमशिनी, बकऱ्या, भांडी सगळं वाजतं, पण कोणी कोणाला हाक मारत नाही. वऱ्हाडात! आमच्याकडे चार घरं पलीकडून ओरडून मीठ मागतात. इथं टाळी वाजवतात, नाहीतर कडी. समोरच्या नत्थुजींना विचारलं, काहून हो असं? तर म्हणे, ताई, तुमी आपलं मशीन पाहा. एवढे भडकले की जणू मी त्यांची जमीनच मागितली.

बुधवार, १२ नोव्हेंबर
भर दुपारी जिनिंगच्या भिंतीपलीकडून हाक आली, मायाताई! पुरुषाचा आवाज, मोठा गोड. मी मीटर जुळवत होते, सवयीनं म्हटलं, ओ, आले! भिंतीवरून डोकावले तर नुसतं गवत. नत्थुजी दारात उभे होते. त्यांनी कपाळावर हात मारला आणि दार लावून घेतलं. वल्लीच आहे.

संध्याकाळी घसा बसला. संत्री जास्त झाली वाटतं.

गुरुवार, १३ नोव्हेंबर
मीटरमध्ये नोंदलेली ती हाक खालांना ऐकवली, कोण आहे ओळखता का म्हणून. ऐकवायला नको होती. त्यांच्या हातून बशी पडली.

आवाज त्यांच्या नवऱ्याचा, रऊफभाईंचा. काही वर्षांपूर्वी त्यांनीही त्या जागेतून आलेल्या हाकेला ओ दिली होती. आधी आवाज गेला. मग पाटीवर लिहून बोलायचे, तर हातातून खडू गळायला लागला. एक दिवस भिंत चढून गेले ते गेलेच. त्यानंतर तिकडून त्यांच्याच आवाजात लेकीला हाक आली, जेबा, बेटा. जेबानं ओ दिली. तीही गेली. तेव्हापासून गल्लीत कोणी हाक मारत नाही, कारण हाक आली म्हणजे ती तिकडचीच.

खाला रडत म्हणाल्या, तू तर जवाब देऊन बसली. आता तुझ्या लेकीले इकडे आणू नको.

हसून ‘काहीतरीच काय’ म्हणायला गेले. आवाज फुटला नाही.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर
डॉक्टर म्हणतात, घशात काही नाही. दादाला मेसेज केला, पनूला आणू नको. त्याचं उत्तर आलं — अवं, सकाळीच त फोनवर बोलली, पनूशी बी बोलली, उद्याच या म्हणे. ठरव एकदा काय ते.

मी फोन केला नाही. पनूची शपथ, मी नाही केला.

व्हिडिओ कॉल लावला. हात जोडले, मान हलवली. तो म्हणाला, नेटवर्क बेकार आहे, तुझा आवाज येत नाही, उद्या भेटूच.

बॅग घेऊन निघाले. गल्लीच्या तोंडापुढे पाय उचलत नाहीत. तीनदा गेले. नाहीच.

शनिवार, सकाळ
खालांचं दार उघडं. गॅसवर चहा करपलेला. भिंतीपाशी त्यांच्या चपला —

इतकी वर्षं तोंडून ओ जाऊ नये म्हणून ओढणी कोंबून राहिली ती बाई. आणि मी तिला तो आवाज ऐकवला. मीच घालवलं तिला.

दादा निघालाय. मेसेज बघत नाही, गाडी चालवत असेल. देवा, टायर फुटू दे, काहीही होऊ दे, पण तो इथं —

दुपार
गल्लीच्या तोंडाशी बसलेय. नत्थुजींच्या दाराखालून मदतीची चिठ्ठी सरकवली. आतून रडतात, दार उघडत नाहीत.

भिंतीपलीकडून माझा आवाज — पनूऽऽ. पनूऽऽ. तालीम करतोय मेला. अगदी माझ्यासारखी —

पेन गळतंय. दोन्ही हातांनी धरलंय.

सुचलं! हाकेला उत्तर देऊ नको, असं इथंच मोठ्या अक्षरात लिहायचं. वही तिच्यापुढे धरायची. वाचते ती. वाचेल —

गाडी आली. पनू उतरली. मला बघून हसतेय —

तिकडून हाक — बोटं — लवकर —

पनू, बाळा,

ओ दे