अँकर होण्याआधीची किरकोळ कामं

२७ ऑक्टोबर, अड्याळ
निर्णय झाला. मीडिया!
आंधळगावचे चंद्रभानजी मुलगी द्यायला तयार आहेत. अट एकच, मंडई, म्हणजे दिवाळीनंतरची गावजत्रा, आटोपेपर्यंत मला नोकरी लागली पाहिजे. मुलगी म्हणजे मोनिका. मला ती फार आवडते. हे आईलाही सांगितलेलं नाही.
आई म्हणाली, धान कापाले आलं न तू मीडियात काहून जाऊन राहिला? उत्तर दिलं नाही. आवाज जपायचा आहे.

२८ ऑक्टोबर
पदांचा तौलनिक अभ्यास केला.
रिपोर्टर: उन्हात फिरणं. माझा रंग टिकणार नाही.
एडिटर: चूक कोणाचीही असो, शिव्या त्यालाच.
कॅमेरामन: सगळ्यात खालचं पद. ओझं वाहायचं आणि स्वतः कधी दिसायचं नाही. अशाला मुलगी कोण देणार?
अँकर: बसून काम, अंगात कोट, सगळ्या जिल्ह्याला तोंड दिसतं. अँकरच!
कोट मावसभावाच्या लग्नातला आहे. बटण लागत नाही. बसल्यावर कळणार नाही.

३० ऑक्टोबर, भंडारा
इंटरव्ह्यू. 'झाडी झटपट न्यूज'चं ऑफिस मोबाइल रिपेअरिंगच्या दुकानावर आहे. मालक, संपादक, सगळं प्रफुल्लभाऊच. मी बातमी वाचून दाखवली. ते म्हणाले, आवाज बरा हाय, सध्या वाढदिवसाच्या न श्रद्धांजलीच्या पोस्टा टाकत जाय.
म्हणजे डिजिटल हेड. थेट अँकर केलं असतं तर स्टाफला वाईट वाटलं असतं. स्टाफ म्हणजे भूपेंद्र, कॅमेरामन. बिचारा, चहासुद्धा तोच आणतो.
चंद्रभानजींना फोन करून कळवलं. हाव, मंग जमते, म्हणाले.

३ नोव्हेंबर
उद्या चंद्रभानजींचा साठावा वाढदिवस. होणाऱ्या सासऱ्यांना सरप्राइज देणार.
वाढदिवसाचं तयार डिझाइन फुगेवालं आहे, अगदी पोरकट. त्यापेक्षा दुसरं घेतलं. काळं-पांढरं, कोपऱ्यात समई. क्लासी! त्यांचा हार घातलेला फोटो होताच, धान सोसायटीच्या सत्काराचा. खाली बारीक अक्षरांत आधीच काहीतरी छापलेलं होतं. ते कोण वाचतं?

४ नोव्हेंबर, सकाळ
पोस्ट सुपरहिट! खाली शेकडो लोकांनी हात जोडलेत. माणसाचा मान आहे.

तोच दिवस, दुपार
प्रफुल्लभाऊंनी खालची ओळ मोठी करून दाखवली. 'शोकाकुल: समस्त परिवार.' टेक्निकल बाब आहे. पोस्ट काढली.

संध्याकाळ
आंधळगावहून फोन आला. चंद्रभानजी धानाच्या बांधीतून विळा घेऊन घरी आले, तर अंगणात बायका रडत होत्या. त्यांनी विचारलं, कोन गेलं? उत्तर द्यायला कोणी थांबलंच नाही.

५ नोव्हेंबर, आंधळगाव
माफी मागायला गेलो. कोट घालून.
आमच्याकडे मयताला घरोघरून एकेक लाकूड नेतात, आणि एकदा नेलेलं लाकूड कोणी परत आणत नाही. चंद्रभानजींच्या अंगणात हा ढीग! ते म्हणाले, मलेच जाळाले आली न हे? आता तूच घाटावर नेऊन टाक. बैलगाडी द्यायला कोणी तयार झालं नाही. जिवंत माणसाची लाकडं म्हणे बैलांना बाधतात.
खांद्यावर वाहिली. दिवसभर.
चंद्रभानजी जिवंत असल्याची बातमी करायला प्रफुल्लभाऊंनी भूपेंद्रला पाठवलं होतं. तो ओसरीवर बसून मुलाखत घेत होता. मोनिकाने त्याला पाणी दिलं, मग चहा, मग पोहे. मला वाटतं, खालच्या पदावरच्या माणसाची लोकांना दया येते.

७ नोव्हेंबर
व्हिडिओ व्हायरल. पुढे चंद्रभानजी हसत सांगतात, मी जित्ता हावो. मागे लाकडं घेऊन मी जातो, येतो, जातो. तोंड दिसत नाही, पाठ दिसते. कोट मधोमध उसवलेला आहे. पण स्क्रीनवर सगळ्यात जास्त वेळ मीच आहे. मोनिकाने हसून लोळणाऱ्या इमोजी टाकल्यात, आठ! मुलगी मनाने माझीच.

१६ नोव्हेंबर
मंडई आटोपली. नोकरी टिकून आहे, म्हणजे अट पूर्ण. आईला फोन करायला लावला.
चंद्रभानजी म्हणाले, सोयरीक जमली बाई. भंडाऱ्याचाच पोरगा, मीडियातच हाय. भूपेंद्र. तुमच्या पोरानं मले मारलं, त्यानं साऱ्या जिल्ह्याले जित्ता दाखवलं.
आईने फोन बंद केला. ताट वाढून ठेवलं. मी जेवलो नाही. फार वाईट वाटलं.

१८ नोव्हेंबर
मोनिका आणि भूपेंद्रच्या साक्षगंधाची, म्हणजे साखरपुड्याची, पोस्ट प्रफुल्लभाऊंनी माझ्याकडेच दिली. डिजिटल हेड मीच ना.
फुगेवालं डिझाइन घेतलं. खालची बारीक अक्षरं वाचली. मग परत एकदा वाचली.