गुपचूप निघणारी गाडी

अण्णा,

गाडीचं बटण दाबू नका. इंजिनाचं ऑइल सील चिरलंय, म्हणून मी ते काढलंय अन् तेलही उतरवलंय. हायब्रीड हाय, आधी बॅटरीवरच चालते; गाडी गुपचूप गेटाबाहेर पडंल, तुम्हाला वाटंल झाली नीट. पुढं चौकात इंजिन आपोआप सुरू झालं की तेलाविना जाम होईल. नवं सील मीच येऊन बसवीन.

सांडलेल्या तेलावर भुसा टाकलाय, टँकरचं पाणी ओतू नका.

सील आजच काढायची काय घाई होती, म्हणाल. होती. आईला घेऊन एसटीनं पिशोरला मामाकडं चाललेय. विहिरीचं रान तिच्या नावावर हाय अन् उद्या ते विकायच्या रजिस्ट्रीला ती येणार नाय. इतके दिवस ती गप होती अन् तुम्ही होकार धरलात. प्लॉटिंगवाल्याला आता तुम्हीच सांगा.

प्रेरणा