पंख्याचं बटण

१८ नोव्हेंबर, बुधवार

चि. सौ. सूनबाईस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आणि सोबतचा नकाशा पोचला. माझी प्रकृती ठीक. गुडघे आपल्या मर्जीने वागतात, त्यांच्याशी मी बोलणं टाकलं आहे. चिरंजीवांचा खोकला गेला का? गेला नसेल तर त्यांचं बर्फाचं पाणी बंद कर.

मी तुमच्याकडे कायमचा राहायला यावं म्हणून तिथल्या माझ्या खोलीशेजारची अडगळीची खोली पाडून खोलीला लागून बाथरूम बांधायची, हे तुम्ही दोघांनी ठरवलंत. आपलं ऑफिस सांभाळून तू नकाशाही काढलास. खाल्ल्या घरचे वासे मोजू नयेत म्हणतात, पण मी तर खायच्या आधीच मोजायला बसलोय. रागावू नकोस.

दार तू आत उघडणारं दाखवलं आहेस. म्हातारा आत पडला तर दाराला अडकून पडेल आणि तुम्ही बाहेरून ढकलत बसाल. ते बाहेर उघडू दे, नाहीतर सरकतं कर. दुसरं म्हणजे, आधी बेसिन, मग शॉवर आणि पार टोकाला कमोड हे दिसायला छान आहे, पण मला शॉवरची ओली फरशी ओलांडून जावं लागेल. कमोड दारापाशी घे आणि शॉवर टोकाला ने. धरायला दांडी दोन्हीकडे हवी.

आता दिव्यांचं. तो माझा प्रांत, उभा जन्म नाटकांचे दिवे करण्यात गेला. छताच्या मधोमध तो पांढरा मोठा दिवा नको. झोपेतून उठलेल्याच्या डोळ्यांत तो टोचतो आणि दाराच्या फटीतून घरभर वर्दी देतो. त्यापेक्षा पलंगापासून कमोडपर्यंत पायाशी मंद पिवळे दिवे लाव. आरशाला उजेड दोन्ही बाजूंनी दे, वरून नको. वरून टाकला की डोळ्यांखाली खड्डे दिसतात, खलनायकाला आम्ही तसाच टाकायचो. आणि हवा बाहेर फेकणाऱ्या पंख्याचं बटण वेगळं ठेव. दिव्याबरोबर जोडलंस तर दिवा लावला की तो घरघरणार, आणि भिंतीपलीकडे झोपलेली माझी नात, आपली ठमाकाकू, जागी होणार.

अजून एक. गुडघ्याच्या उंचीवर एक नळ हवा, खाली बादली राहील असा. आणि एक चादर वाळत घालता येईल एवढी लांब दांडी.

बाबांना चादर कशाला धुवायची आहे, असं तू विचारशील.

इथवर लिहून मी उठलो आणि कुंड्यांना पाणी घालून आलो. सकाळी घातलंच होतं. आता त्यांचीही दमछाक झाली असेल.

तुझ्या पत्राच्या शेवटी दोन ओळी आहेत. ठमाकाकू शाळेच्या मुक्कामाच्या सहलीला जायला नको म्हणते, तिथे गादी ओली झाली तर सगळे हसतील म्हणून. तू तिच्या गादीखाली रबर घातलंस आणि संध्याकाळनंतर तिला पाणी देत नाहीस. सोमवारपर्यंत नाव द्यायचं आहे, आजोबांचं ती ऐकते, तेव्हा तुम्हीच समजवा, असं तू लिहिलं आहेस. त्या ओळी वाचल्यापासून मला जेवण गेलेलं नाही.

सूनबाई, ती गादी मी ओली केली होती.

मागच्या महिन्यात तुमच्याकडे राहायला आलो, तेव्हा ती हट्टाने माझ्याशेजारी झोपायची. त्या पहाटे पाठीला गार लागलं म्हणून मला जाग आली. वर्षभर हे अधूनमधून होतंय. डॉक्टरांना सांगितलं आहे, तुम्हाला नाही. इथे मी एकटा असतो, चादर धुतो, गादी उन्हात टाकतो, झाकली मूठ सव्वा लाखाची. तुमच्याकडे मात्र तुझी स्वयंपाकघरात खुडबुड सुरू झाली होती आणि बाथरूम त्या टोकाला, बैठकीच्या खोलीपलीकडे. मी लेंगा बदलला, ओला पिशवीत कोंबला. मग झोपलेल्या पोरीला उचललं, ओल्यावर ठेवलं आणि तिच्या कोरड्या जागी स्वतः आडवा झालो. अंधारात आवाज न करता सामान हलवायची मला सवय आहे. ती जागीसुद्धा झाली नाही.

तू आलीस आणि "एवढी मोठी घोडी झालीस" म्हणालीस, तेही हळू आवाजात, माझी झोप मोडू नये म्हणून. मी डोळे मिटून ऐकत होतो. न्याहारीला चिरंजीवांनी तिला चिडवलं. ती रडायला लागली, मी नाही केलं म्हणाली. आणि सगळ्यांबरोबर मी हसलो.

एवढ्यावर थांबलं असतं तरी एक वेळ. निघायच्या दिवशी तिने मला वाकायला लावलं आणि कानात म्हणाली, "आजोबा, मला वाटत होतं मी नाही केलं. पण आई म्हणते झोपेत कळत नाही. मग मीच केलं असेल ना?"

मी तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणालो, "होतं गं लहानपणी असं."

सुनेपुढे लाज वाटली हे खरं आहे, पण ते कारण म्हणून सांगण्याची आता लाज वाटते. तुझ्या सासूबाई असत्या तर त्यांनी मला त्याच सकाळी सर्वांसमोर उभं केलं असतं. परवापासून तुला तीनदा फोन केला. तू "बोला बाबा" म्हणालीस की मी फरशीच्या रंगावर घसरतो. म्हणून हे लिहिलं, आणि उद्या तुझ्या हातात पडावं म्हणून कुरिअरने पाठवतोय.

ठमाकाकूला जवळ घेऊन सांग, गादी आजोबांनी ओली केली. तिला उचलून तिथे ठेवलं, हेही सांग. तुझा स्वभाव मला ठाऊक आहे, म्हाताऱ्याची अब्रू राहावी म्हणून तू तेवढं गाळशील. गाळू नकोस, माझी शपथ आहे. चिरंजीवांना न्याहारीच्या टेबलावरच सांग, ती समोर असताना. गादीखालचं रबर काढ. रात्री तिला हवं तेवढं पाणी पिऊ दे, आणि सहलीला नाव दे.

मी तुमच्याकडे राहायला यावं का, हे त्यानंतर तिला विचारा. अडगळीची खोली तशीच राहिली तरी मी बोल लावणार नाही. बांधायचं ठरलंच, तर पंख्याचं मी वर लिहिलंय ते खोडून टाक. दिवा आणि पंखा एकाच बटणावर असू देत. मी उठलो की घरघर होऊ दे आणि भिंतीपलीकडे तिला ऐकू जाऊ दे.

आशीर्वाद वर लिहिले आहेत, पण ते देण्याजोगा मी राहिलो का, ते तू ठरव.

ठमाकाकूचा आजोबा,
तिने अजून म्हणू दिलं तर