आईचे अडतीस सेकंद

सोमवार, ४

नवं गाव, नवी नोकरी, नवी वही. मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात आज रुजू झाले. दुकानाच्या वरच राहायला खोली, खिडकीत ऊन, नळाला पाणी. आणखी काय हवं माणसाला?

मुख्य कारागिराला सगळे डॉक्टर म्हणतात. हातात सदा चिमटा आणि चेहरा असा, की पेशंट गेलाच समजा. माणूस मात्र मऊ आहे. त्यांनी पहिल्याच तासाला नियम सांगितला. अपडेट केलेला फोन गिऱ्हाइकाला देण्याआधी आवाजाची चाचणी करायची. एकाने फोनवरून विचारायचं, ऐकू येतंय का. दुसऱ्याने हातातलं काम न सोडता मोठ्याने म्हणायचं, येतंय, बोला. उत्तर आलं नाही तर फोन पुन्हा टेबलावर. दोनदा विसरले, दोनदा बोलणी खाल्ली. संध्याकाळपर्यंत मात्र इतकं अंगवळणी पडलं, की रस्त्यात कुणीतरी कुणाला विचारलं तर मीच येतंय म्हणून मोकळी झाले.

दादाला फोनवर सांगितलं. तो म्हणाला, म्हणजे तुला बोलायचीच नोकरी मिळाली म्हण की. आई म्हणायची, या मुलीच्या जिभेला हाड नाहीच, पण विसावाही नाही.

गुरुवार, ७

आईचा फोन मी इथे आणलाय. तिला विसरायला व्हायचं, म्हणून ती प्रत्येक कॉल रेकॉर्ड करून ठेवायची. आमचा शेवटचा कॉल त्यात आहे. अडतीस सेकंद. अगं, मी आहे. तुझा निळा स्वेटर माझ्याकडेच राहिलाय. सगळ्या जगाशी बडबडतेस, माझ्याशी बोलायला तेवढा वेळ नाही. बरं, ऐकू येतंय का गं?

इथे तो संपतो. तेव्हा जुन्या नोकरीत समोर गिऱ्हाईक होतं, मी फोन कापला. दादाला सांगितलं होतं, रेंज गेली. रेंज गेली नव्हती. मला स्वच्छ ऐकू येत होतं. चार दिवसांनी आई गेली.

आता फोनवर सूचना आलीय, मोठं अपडेट घ्या. सोळा तारखेनंतर जुन्या रेकॉर्डिंग अपडेटशिवाय उघडणार नाहीत. दुसऱ्या फोनवर उतरवून पाहिलं तर नुसती खरखर येते.

शनिवार, ९

डॉक्टरांशी बसून दोन्ही बाजू मांडल्या. घ्यायचं तर रेकॉर्डिंग वाचेल, आवाज साफ होईल, बॅटरी जास्त टिकेल. शिवाय नवीन सोय म्हणजे मालकाने स्वतःच्या आवाजात हो म्हटल्याशिवाय काहीच पुसलं जात नाही, चुकूनसुद्धा नाही. ही मला फार आवडली. न घ्यायचं, तर कारणं अशी, की फोन म्हातारा आहे, मध्येच अडकला तर सगळंच जाईल, आणि एकदा घेतलं की जुन्यावर परत येता येत नाही. अर्धवट तुटलेल्या रेकॉर्डिंग ते आपणहून पूर्ण करतं, असंही यादीत होतं. डॉक्टर म्हणाले, पूर्ण म्हणजे काय ते मलाही कळलेलं नाही. तुटलेलं तुटलेलंच राहू द्यावं. पण सोळा तारीख त्यांच्या आईची नाही, माझ्या आईची आहे.

रविवार, १०

घेतलं. चाळीस मिनिटं हातात धरून बसले. फोनने मालकाचा आवाज मागितला, माझाच दिला.

मग रेकॉर्डिंग लावली. काय तो आवाज! जशी शेजारी बसून बोलतेय. ऐकता ऐकता दुसऱ्या फोनचा स्क्रू घट्ट करत होते. तिने विचारलं, ऐकू येतंय का गं? आणि कामातून मान वर न करता मी म्हटलं, येतंय, बोला.

आई म्हणाली, मग इतके दिवस गप्प का होतीस?

मंगळवार, १२

अडतीस सेकंदांची रेकॉर्डिंग आता चार मिनिटांची झालीय. ती बोलते, मी उत्तर देते. विचारते, खोलीत ऊन येतं ना, जेवतेस ना वेळेवर. फोन कापल्याचं मी कबूल केलं, पोटभर रडले. म्हणाली, मला माहीत होतं. इतकं हलकं वाटलं, की दादाला सांगायचंही सुचलं नाही. घसा तेवढा बसलाय. डॉक्टर म्हणाले, जरा तोंडाला सुट्टी द्या.

बुधवार, १३

एकोणीस मिनिटं. आई आता माझे शब्द वापरते. डॉक्टरांबद्दल ती म्हणाली, चेहरा असा, की पेशंट गेलाच समजा. हे मी फक्त या वहीत लिहिलंय.

घशातून नुसती हवा येते.

गुरुवार, १४

आज दुकानात डॉक्टरांनी नेहमीसारखं विचारलं, ऐकू येतंय का. मी तोंड उघडलं. काही नाही. माझ्या पिशवीतून उत्तर गेलं, येतंय, बोला. माझा आवाज. डॉक्टरांनी मान हलवून तो फोन तयार मालात ठेवला. माझ्याकडे पाहिलंही नाही.

शुक्रवार, १५

सुरुवातीपासून लावली. अगं, मी आहे. माझा आवाज. निळा स्वेटर, माझा आवाज. अडतीसही सेकंद माझ्याच आवाजात. आई कुठेच नाही. जे वाचवायला हा सगळा खटाटोप केला तेच —

पुसायला गेले. स्क्रीनवर आलं, आपल्या आवाजात हो म्हणा.

शनिवार, १६

बंद केला. डब्यात घातला. डब्यातून बोलतेय.

दादाने मला लावलेला फोन त्या डब्यातच वाजला. तिनेच घेतला. दोघं हसत होते. दादा किती दिवसांनी हसला. मी माझ्या फोनवरून त्याला लिहिलं, ती मी नाही. त्याने तिलाच वाचून दाखवलं. ती म्हणाली, गंमत रे. मग म्हणाली, उद्या ये, तुला आईचं ऐकवायचंय.

ती त्याला विचारेल, ऐकू येतंय का. आणि दादा — कुणी हाक मारली तर ओ दिल्याशिवाय राहत नाही तो. लहानपणापासून.

रविवार, १७

डॉक्टरांना सगळं लिहिलं. दुकान बंद. चिठ्ठी शटरखाली —

फोन जिन्यात फेकला. काच फुटली. बोलणं थांबलं नाही.

अकरा वाजले. दादा खाली आलाय. मोठ्या अक्षरात लिहिते, दारात धरते. दादा, काही विचारलं तरी गप्प —

जिन्यात पावलं. वाकला. फोन उचलला असणार.

ती विचारतेय. आईच्या आवाजात. आज आईच्या, अगदी —

दादा नको मी इथे दाराशी आहे दादा मी —