कुणी न घातलेला नेम

ता. ३ मार्च १९२९, सोलापूर
दवाखान्यात दुपारी रोगी कमी. सिस्टर त्यांच्या जुन्या लॅटिन पोथीतलं मोडक्या मराठीत सांगत बसल्या. सात-आठशे वर्षांपूर्वीची कोणी मठवासिनी, तिला दर्शनं व्हायची. तिचं म्हणणं, देवाने दगडावर आज्ञा कोरल्या त्या नंतर. त्याआधीच एक नेम त्याने बियाण्यात, जनावरांत, माणसाच्या काळजात घालून ठेवला. दोन्ही एकाच हातचे. मग आईचं काय? माझा बाप्तिस्मा झालाय, तिचा नाही. विचारायचं धाडस…

ता. ७
सांगोल्याकडून निरोप. आईचं काही खरं नाही. शेवटी सिस्टरना विचारलंच. म्हणाल्या, वेळ आली तर तूही बाप्तिस्मा देऊ शकतेस, साधं पाणी चालतं, पण तिची इच्छा हवी. आणि काळजातला तो नेम तिने पाळला असेल तर, मी विचारलं. त्या म्हणाल्या, "ते देवाला ठाऊक." मला एवढ्याने भागत नाही. स्वर्गात मला माझी आई पाहिजे.

ता. ९, वाडीवर
आई पार वाळलीय. ओळखलं मात्र लगेच. "भागे, जेवलीस का?" इथे मला मार्था कोण म्हणणार! येशूचं सांगितलं. ऐकून घेतलं, हो नाही की ना नाही. विहीर आटलेली, पाणी दोन कोसांवरून. उरलेलं तांब्याभर तिच्या उशाशी. ती झोपेत असताना डोक्यावर घालायचं, ठरवलं. इच्छेचं देव बघून घेईल. चोरीच ही. तरी ठरवलं.

ता. १०
सकाळी तांब्या उचलला, तोच तिने डोळे उघडले. कुडाबाहेर पहाटे व्यालेली मेंढी ओरडत होती.
"आदी तिला दे."
तुझे ओठ फुटलेत गं, म्हटलं.
"मुक्या जिवाच्या आदी आपुन प्यायचं न्हाय. नेम हाय."
कुणी घातला, विचारलं.
"घालतंय कोन? हायच की."
सिस्टरच्या पोथीतलंच सगळं. लॅटिनचं अक्षर कधी न ऐकलेल्या तोंडून!
पाणी मेंढीपुढे ओतलं. ओला हात तेवढा आईच्या कपाळावर ठेवला. "गार वाटलं," म्हणाली.
मग चुलतीने घागर आणली. आई दोन घोट प्याली. आता पाणी होतं, ती जागी होती, पण बाप्तिस्म्यासाठी माझा हात उचललाच गेला नाही. दुपारी गेली.

ता. १६, सोलापूर
मेंढीचं, ओल्या हाताचं सांगितलं. सिस्टरनी बाप्तिस्म्याची वही काढली. विधीचे शब्द म्हणालीस? ओठ हलले असतील, खरंच आठवत नाही. तिची इच्छा होती? गार वाटलं म्हणाली, एवढंच सांगितलं. सिस्टरनी आईचं नाव लिहिलं. पुढे बाप्तिस्म्याच्या तारखेच्या रकान्यावर टाक थांबला. शाई वाळली, तरी हात तिथेच.
मग त्यांनी हळूच विचारलं, मेंढी जगली का?
जगली म्हटलं. कोकरूही.
सिस्टरनी वही मिटली नाही. टेबलावर उघडीच आहे. रकाना कोरा.